हवेतला पाय

शेडच्या दारावर लाल मोजा लटकत होता. मोजा दिसला की आत जायचं नाही, अंगणात पळायचं नाही, स्वयंपाकघराचं दार आपटायचं नाही, हे थिया रॅगला नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक होतं. मोजा असला की आत टेबलावर बाहुला अर्ध्या पावलात उभा असायचा. बाबा त्याला केसभर हलवत, मागे सरकत, श्वास रोखून कॅमेऱ्याचं बटण दाबत, आणि मग पुन्हा केसभर. ती चित्रं एकापाठोपाठ जोडली की टीव्हीवर बाहुला चालताना दिसायचा. दिवस मावळेपर्यंत बाहुला चार पावलं चालला तर दिवस चांगला गेला म्हणायचा. मधेच फळी हलली की सगळं पाण्यात.

बाबा फेब्रुवारीत गेले. त्याच शेडमध्ये, काम चालू असताना. मोजा तसाच राहिला. तो काढायचं कोणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कोणी बोललं नाही.

बाबांना पोहोचवायला डर्बीशरच्या त्या लहानशा चर्चमध्ये मावत नव्हती इतकी माणसं आली होती. पन्नाशीची, टक्कल पडलेली, कोणी प्लंबर, कोणी शिक्षक. एकेक जण थियाचा हात हातात घेऊन तेच सांगत होता. शाळेतून यायचं, लोणी लावलेला टोस्ट घ्यायचा आणि टीव्हीसमोर गालिच्यावर बसायचं. मग बाबांचा बाहुला, बोटींसाठी कालव्याची दारं उघडणारा राखणदार मिस्टर हॅबल, डुलत डुलत यायचा, टोपी काढायचा, आणि जगात काही वाईट होऊ शकत नाही असं वाटायचं. "माझं बालपण म्हणजे तुमचे वडील हो," असं म्हणून एकाने डोळे पुसले. थियाने मान हलवली. तिचं बालपण त्या मोज्याच्या अलीकडे गेलं होतं. हॅबलला ती ओळखत होती ती मुंडकं काढून ठेवलेला, बदलायच्या तोंडांच्या खणाशेजारी आडवा पडलेला. हसरं तोंड, चकित तोंड, शिट्टीचं तोंड, सगळी कापसावर ओळीने मांडलेली.

आता एप्रिल होता. थिया लीड्सच्या नोकरीतून रजा घेऊन आईजवळ, म्यूरिएलजवळ, राहायला आली होती, कारण ती विसरायला लागली होती. लोण्याची बशी ओव्हनमध्ये सापडायची. थियाला ती मधूनच मेव्हिस म्हणायची. मेव्हिस आईची बहीण, कधीच वारलेली. शुक्रवारी डॉक्टर घरी येऊन तिला तपासणार होते. त्यानंतर ठरायचं होतं, आई या घरात एकटी राहू शकते की तिला वृद्धाश्रमात ठेवायचं.

आणि तशातच हॅबल हलायला लागला.

पहिल्यांदा थियाने शेडच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा तो टेबलावरच्या छोट्या कालव्याच्या लाकडी दारावर उभा होता. उजवा पाय खालून स्क्रूने टेबलाला घट्ट केलेला, डावा हवेत. बाबांनी सोडला होता तसा. दोन दिवसांनी टाच थोडी खाली आलेली दिसली. जुनं रबर आहे, दमट हवेत आकसलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग एका सकाळी मान वळलेली दिसली. हॅबल पाण्याकडे बघत नव्हता. खिडकीकडे बघत होता, बरोबर ती उभी होती तिथे, काचेच्या बारक्या काळ्या डोळ्यांनी.  घरात येऊन तिने कडी लावली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून काढली.

"उंदीर असेल," गॅरेथ फोनवर म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ, ब्रिस्टलला असायचा.

"उंदीर मान वळवतो?"

"मग म्हातारा कंटाळला असेल. इतके दिवस एका पायावर तू उभी राहून दाखव."

ती हसली नाही. त्याने आवाज खाली आणला.

"आई जाते का गं आत?"

"विचारलं. नाही म्हणते."

"नाही म्हणते, की आठवत नाही?"

थियाला नेमकी हीच भीती होती, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती जास्तच खरी वाटायला लागली.

दुपारी सूप वाढताना तिने पुन्हा विषय काढला. "आई, खरं सांग. शेडमध्ये जातेस का तू?"

"मोजा आहे ना दारावर?"

"आहे."

"मग विचारतेस कशाला? मोजा असताना मी एकदा तरी गेलेय का? गेली होतीस तू. पाच वर्षांची होतीस. दिवसभराचं काम गेलं त्याचं." म्यूरिएलने पाव मोडला. "तुला एक शब्द बोलला नाही. माझं मात्र डोकं खाल्लं आठवडाभर. मीठ कमी आहे याच्यात."

इतकं सगळं लख्ख आठवणारी बाई खोटं बोलत नव्हती. म्हणजे ती आत जात असलीच, तर तिला ते आठवत नव्हतं. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी थिया दुकानातून परतली तेव्हा घर रिकामं होतं. शेडच्या पायरीवर आईचे बूट होते, शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून. फळी हलू नये म्हणून बाबा असेच काढून ठेवत.

खिडकीतून तिने पाहिलं. म्यूरिएल नुसत्या पायमोज्यांवर उभी होती. तिने दोन बोटांनी हॅबलची टाच धरली, खाली सोडली, इतकीशी की सोडली हे कळू नये. मग गुडघा. मग खांदा, पावलाच्या उलट बाजूला. मग ती मागे झाली, श्वास रोखला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. तिचे हात कापत नव्हते. थियाचा जीव क्षणभर भांड्यात पडला. वेडं माणूस असं काम करत नाही.

तेवढ्यात म्यूरिएल कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. "जास्त झालं का, क्लिफ?" असं बाबांना नावाने विचारून ती थांबली. ऐकत राहिली. मग मान डोलावून पुन्हा टाचेकडे वळली.

थिया आत गेली. मोज्याखालून, बूट न काढता. फळी करकरली.

"तिथेच थांब," आई मागे न बघता म्हणाली. "मेव्हिस, किती वेळा सांगितलंय या पोरांना आत सोडू नकोस म्हणून."

"आई, मी थिया."

म्यूरिएलने वळून पाहिलं. बराच वेळ. "हो गं," ती म्हणाली, "थियाच." मग हॅबलकडे बोट केलं. "पाय वर आहे त्याचा. असा अर्ध्यात कसा सोडायचा?"

 थियाने बूट काढले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. टाच खाली, बटण. टाच खाली, बटण. दर वेळी दोघी श्वास रोखत होत्या. शेवटी पाऊल लाकडाला टेकलं, आणि म्यूरिएलने टेबलाखाली हात घालून स्क्रू फिरवला.

"टेकला बघ, क्लिफ."

खुर्चीकडून काही आलं नाही. आईचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, आतलं एकेक काढून घ्यावं तसा. थियाला वाटलं, हे आपण थांबवायला हवं होतं. पाऊल टेकूच द्यायला नको होतं.

"हा कुठे गेला?" म्यूरिएलने विचारलं. "चहा प्यायला गेला का?"

थापही मारता आली असती. "बाबा गेले, आई. फेब्रुवारीत. तू होतीस चर्चमध्ये. निळा कोट घातला होतास."

"मला कोणी सांगितलं नाही," म्यूरिएल म्हणाली. ती खुर्चीच्या काठावर बसली, हात मांडीत. ती रडली नाही. पण आता तिचे हात थरथरत होते. थियाने ते धरून ठेवले. उद्या सकाळी आपल्याला हे पुन्हा सांगावं लागेल, परवा पुन्हा, आणि दर वेळी आईचा नवरा नव्याने मरेल, हे तिला त्या हातांतून कळत होतं.

 मग म्यूरिएल उठली. टेबलाखाली हात घातला, उजव्या पायाचा स्क्रू सैल केला आणि तो पाय केसभर उचलला. हात कापायचे थांबले. ती मागे झाली आणि थियाकडे डोळे वटारून पाहिलं, कारण थिया श्वास घेत होती. थियाने श्वास रोखला. बटण वाजलं.

थियाने शेडच्या पायरीवर बसून गॅरेथला फोन लावला.

"ती एकटी राहू शकत नाही," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना मी सगळं सांगणार आहे. खुर्चीशी बोलते तेसुद्धा."

गॅरेथने सुस्कारा सोडला. "मग त्या वृद्धाश्रमात चौकशी करू ना? जागा आहे म्हणाले होते."

"नको. मी राहते."

"किती दिवस?"

आत फळी हलली नाही, पण बटण वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. आईने आत काहीतरी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत ती गप्प झाली.

"ठाऊक नाही," थिया म्हणाली. "हॅबल अजून दाराच्या मध्यावरच आलाय." तिने वर मोज्याकडे पाहिलं. "पलीकडे पोहोचल्यावर काय होईल याची मला भीती वाटते, गॅरेथ."

फोन ठेवून तिने आपले बूट पुन्हा काढून आईच्या बुटांशेजारी ठेवले आणि दार आवाज न करता ढकललं.