आडवं कोर्ट

गाडी नीट थांबायच्या आतच प्रमिलाबाईंनी दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"आई! थांबू तर दे आधी," निखिलने करकचून ब्रेक दाबला. "मॅचला अजून पाऊण तास आहे."

"जागा मिळायला नको?"

"तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची आहे. पहिल्या रांगेत. ती कोण पळवणार आहे?"

हे त्यांना ठाऊक होतं. पण सकाळपासून जीवच थाऱ्यावर नव्हता. साडी दोनदा बदलून झाली होती, चहा पुढ्यात निवून गेला होता आणि माइकवर बोलायची चार वाक्यं आरशापुढे, देवापुढे आणि शेवटी भांडी घासायला आलेल्या बाईपुढेही म्हणून झाली होती. तिने बिचारीने सगळं ऐकून घेतलं आणि "अच्छा है अम्मा," एवढंच म्हणाली. प्रमिलाबाईंचं तेवढ्याने समाधान झालं नव्हतं.

भोपाळमधल्या शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टर्सपलीकडचं हे टेनिस स्टेडियम आता चाळिशी ओलांडून गेलेलं. टेनिसचं कोर्ट दक्षिणोत्तर आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. सगळीकडे असंच आखतात. भोपाळातलं हे कोर्ट मात्र पूर्व-पश्चिम आडवं पडलेलं. दुपार कलली की पूर्वेच्या बाजूला उभा राहिलेला खेळाडू चेंडू मारायला मान वर करी आणि त्याला चेंडूच्या जागी सूर्य दिसे. आखणी केली होती श्रीकांत देशकर या उपअभियंत्याने, प्रमिलाबाईंच्या यजमानांनी. तेव्हापासून या मैदानावर उन्हामुळे कुणाचा चेंडू हुकला की बघणारे ओरडत, "देशकर लग गया!" पुढे पुढे तर देशकर हा माणूस होता हेही पोरं विसरली. त्यांना वाटे, हा टेनिसमधलाच काहीतरी शब्द असावा.

निखिल दहा वर्षांचा असताना इथे शिकायला येत असे. एके दिवशी घरी येऊन त्याने रॅकेट पलंगाखाली ढकललं ते परत काढलं नाही. कारण कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

पण चूक देशकरांची नव्हतीच. प्रमिलाबाईंना ही गोष्ट त्यांनी एकदाच, रात्री, आवाज अगदी खाली आणून सांगितली होती. उद्घाटनाला मंत्री येणार, मंत्र्यांच्या डोळ्यांवर ऊन नको, म्हणून आमच्या वरच्या मोहरीलसाहेबांनी कोर्ट फिरवायला लावलं. वरचा हुकूम, आपण काय बोलणार? आणि हे कुणाला सांगू नकोस, नोकरीचा प्रश्न आहे. प्रमिलाबाईंनी कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे महाराष्ट्र मंडळातल्या सात-आठ जणी सोडल्या, तर कुणालाही नाही.

आणि मोहरीलांच्या घराशी संबंध तोडले. शांताराम मोहरील साहेब असले तरी राहायला शेजारच्याच रांगेत. त्यांची बायको लीलावती प्रमिलाबाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. निखिलच्या वेळी डोहाळजेवण तिनेच केलेलं. तरी त्या संक्रांतीला प्रमिलाबाईंनी सगळ्या रांगेला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं आणि ते एकच दार टाळून पुढे गेल्या. पुन्हा त्या दाराशी कधी थांबल्या नाहीत. शांतारामसाहेब गेले तेव्हासुद्धा देशकर एकटेच जाऊन आले. घरात या विषयाला तोंड फुटलं की देशकर पिशवी उचलून बिट्टन मार्केटला भाजी आणायला निघत, मग घरात भाजी असो की नसो. सहा वर्षांपूर्वी तेही गेले.

आता हे कोर्ट फोडून सरळ आखायचं ठरलं होतं. आज त्याच्यावरचा शेवटचा सामना आणि मग दारात स्टेडियमच्या इतिहासाचा फलक. फोटो मागायला टेनिस संघटनेचा सचिव जितेंद्र घरी आला तेव्हा प्रमिलाबाईंनी त्याला अनारसे खायला घातले आणि खरी हकीकत सांगितली. तो एकदम खूश झाला.

"काकू, ये तो इतिहास है! फलकावर घेतो आपण. पण तुम्ही स्वतः माइकवर बोला, म्हणजे कोणी आमच्या नावाने ओरडणार नाही."

"मोहरीलांचं नाव घालशील ना?"

"तुम्ही म्हणाल तसं घालतो."

चाळीस वर्षांचा सल आज निघणार होता. निखिलला मोकळेपणाने वर बघता येणार होतं. प्रमिलाबाईंना हवं होतं ते एवढंच.

जितेंद्रने त्यांना हाताला धरून स्टँडच्या पायऱ्या चढवल्या. या स्टँडमध्ये त्या आयुष्यात पहिल्यांदा येत होत्या. उद्घाटनाच्या दिवशी इथे साहेबलोक आणि त्यांच्या बायका होत्या, वर भलामोठा शामियाना होता. प्रमिलाबाई निखिलला मांडीवर घेऊन समोरच्या उघड्या पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि पुढे चिडवाचिडवी सुरू झाल्यावर त्यांनी इकडे फिरकणंच सोडलं होतं.

खुर्ची छान होती, गादीची. त्या बसल्या, पदर सावरला आणि डोळे बारीक केले. जानेवारीचं उतरतं ऊन उजवीकडून, छताच्या खालून, थेट तोंडावर येत होतं. त्या शेजारच्या खुर्चीवर सरकल्या. तिथेही तेच. मागच्या रांगेत जाऊन बघितलं, परत पुढे आल्या. कपाळावर आडवा हात धरल्याशिवाय कोर्ट दिसेना.

"जितेंद्र, हा स्टँड आधी दुसरीकडे होता का रे?"

"नाही काकू. पहिल्यापासून इथेच. शामियाना घातला नाही तर धूप येतेच." तो हसला. "म्हणून तर मंत्रीलोक भाषण छोटं करतात."

तो खाली धावला. खेळाडू सरावाला उतरले होते. प्रमिलाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

शेवटी त्या एका अभियंत्याची बायको होत्या. दिशा त्यांना कळत होत्या. त्यांनी मांडीवर तळहात आडवा ठेवला. हे आजचं कोर्ट. मग तो सरळ केला. कोर्ट सरळ असतं, तर त्याच्या कडेचा, आता उत्तरेला असलेला हा स्टँड पश्चिमेला आला असता. दुपारभर सूर्य पाठीमागे राहिला असता आणि मंत्री सावलीत बसले असते. त्यांनी हात पुन्हा आडवा केला, पुन्हा सरळ केला. कितीदा फिरवला तरी उत्तर एकच येत होतं. मंत्र्याला सावलीच हवी होती, तर कोर्टाला हात लावायची गरजच नव्हती. असला हुकूम कुणी वेड्यानेही दिला नसता.

खाली माइकची खरखर चालू होती. कुणीतरी "हॅलो, हॅलो" करून बघत होतं.

"अलीकडे सरक जरा. या खांबाचा थोडा आडोसा मिळतो."

आवाज ओळखीचा होता. लीलावतीबाई काठी टेकत रांगेतून आल्या आणि एक खुर्ची सोडून बसल्या. केस पांढरेशुभ्र झाले होते. प्रमिलाबाई सरकल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं? इथे ऊन येतं ते?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"दर जानेवारीत यायचो ना. हे डोळ्यांवर हात धरून मॅच बघायचे."

प्रमिलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"लीलावहिनी, मी मोहरीलसाहेबांबद्दल लोकांना काय सांगत होते..."

"भोपाळात मराठी घरं किती, गं? चार दिवसांत माझ्या कानावर आलं होतं."

"मग खरं काय होतं?"

लीलावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याला खिजवतेय की खरंच विचारतेय, हे त्या ताडून बघत असाव्यात.

"तुला भाऊजींनी सांगितलंच नाही कधी?"

"नाही."

"नकाशा कागदावर मावावा म्हणून आडवा काढला होता. उत्तरेचा बाण होता उजवीकडे. भाऊजींनी कागदाची वरची बाजू उत्तर धरली, झालं. हे तेव्हा दौऱ्यावर. परत येईपर्यंत कोर्ट काय, स्टँडसुद्धा उभा राहत आला होता." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चौकशी लागली असती तर भाऊजींची नोकरी गेली असती. तुझ्या मांडीवर निखिल. ह्यांनी वर सांगितलं, मीच फिरवायला लावलं म्हणून. ह्यांची बढती हुकली, पण सगळं मिटलं."

"आणि तुम्ही मला हे एकदाही बोलला नाहीत?"

"ह्यांनी शपथ घातली होती." लीलावतीबाईंचा आवाज चढला. "मोठं मन वगैरे काही नव्हतं हो माझं. संताप यायचा मला. तू माझं दार टाळून पुढे गेलीस ना, तेव्हा दारामागे उभी होते मी, नवीन साडी नेसून. अजून येतो संताप."

प्रमिलाबाईंना रडू आलं आणि लाजही वाटली, आणि दोन्हींच्या वर देशकरांचा राग आला. एवढ्या वर्षांत कधीतरी, रात्री अंथरुणात तरी, सांगता आलं नसतं?

सामना सुरू झाला. पूर्वेच्या बाजूची मुलगी उंच उडालेल्या चेंडूखाली धावली, मान वर केली आणि रॅकेट हवेतच फिरलं. समोरच्या पायऱ्यांवरून पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, "देशकर लग गया!" जितेंद्रने हातवारे करून त्यांना गप्प केलं. तिथेच एका कडेला निखिल उभा होता. तो मान खाली घालून मोबाइल बघत होता.

पहिला सेट संपला तसा जितेंद्र माइक घेऊन वर आला. त्याने हिंदीतून ओळख करून दिली, आज एक राज उघडणार आहे वगैरे, आणि माइक प्रमिलाबाईंच्या हातात दिला. पाठ केलेली चार वाक्यं तयार होती. मोहरील गेलेले, देशकर गेलेले. ही म्हातारी तर चाळीस वर्षं बोलली नाही, आजही बोलली नसती. आणि समोर निखिल उभा होता. त्याने आता मोबाइल खिशात टाकला होता आणि तो वर बघत होता.

प्रमिलाबाईंनी माइक वर घेतला तो हनुवटीला लागून ठक्क वाजला.

"कोर्ट आमच्या ह्यांनी आखलं होतं," त्या म्हणाल्या. मग लक्षात येऊन हिंदीत वळल्या. "नक्शा पढ़ने में गलती हुई. मेरे पति से हुई. मोहरील साहब ने अपने ऊपर ले ली. मैंने सबको उल्टा बताया." "बस," असं म्हणून त्यांनी माइक परत दिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जितेंद्र गोंधळून खाली वाकला.

"काकू, मग ती हुकमाची ओळ?"

"काढ. मोहरीलांचं नाव राहू दे. काय केलं ते नीट लिही."

लीलावतीबाई समोर बघत राहिल्या. मधल्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती, ती मात्र उचलून पायाशी घेतली.

निखिल कोर्टाला वळसा घालून, धापा टाकत पायऱ्या चढून आला आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसला. त्याचे केसही कानांपाशी पिकू लागले होते.

"बाबा खोटं बोलले तुझ्याशी?" त्याने विचारलं.

"घाबरले होते रे. एका रात्रीपुरतंच बोलले असतील. सकाळी उठून खरं सांगितलंही असतं." प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. "पण ते उठेपर्यंत मी ते मंडळातल्या सात-आठ जणींना सांगून आले होते."