वीस टक्के तूट

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती कुतूहलातून झालेली आहे. त्या सरकारी शाळेतलं कुतूहल एका खोलीत होतं, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली शिपाईमामांच्या पट्ट्याला होती.

मुलं मामांना पाठीमागे 'कुलूपमामा' म्हणत आणि समोर नुसतं 'मामा'. मामांना दोन्ही ऐकू येई आणि कशाचाच राग येत नसे. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत शाळेतली एकही परीक्षानळी त्यांच्या हातून फुटली नव्हती. शाळेत परीक्षानळ्या मुळात पाचच होत्या, हा भाग निराळा.

वर्षभरापूर्वी एका संस्थेनं शाळेला 'करून बघा' नावाची खोली दिली होती. चार टेबलं, एक दुर्बीण, भिंगं, चुंबकं, छोट्या मोटारी, वायरींची भेंडोळी, सेल, गोंदाच्या कांड्या, वायरींना डाग देऊन जोडायच्या सोल्डरिंगच्या सहा कांड्या, त्यांची तार आणि भिंतीवर हत्यारांचा फळा. फळ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली होती, म्हणजे पक्कड कुठे टांगायची ते पकडीलाही कळावं. मामांचा या खोलीवर जीव जडला, त्याला कारण होतं. या शाळेत बाकं यायची ती दुसऱ्या शाळेनं टाकलेली, नकाशे यायचे ते देश बदलल्यावर. जिच्यावर दुसऱ्या शाळेचं नाव खोडून आपलं लिहिलेलं नव्हतं, अशी पहिली वस्तू म्हणजे ही खोली. मामा दर शनिवारी ती उघडत, दुर्बिणीवर तोंडाची वाफ देऊन मऊ फडक्यानं पुसत, पक्कड पकडीच्या बाह्यरेषेत लावत आणि कुलूप घालून ते दोनदा ओढून बघत.

मुलांची आबाळ होत होती असं नाही. सहामाहीतून एकदा त्यांना हजेरीच्या क्रमानं खिडकीवरून नेलं जाई. शिवाय विज्ञानाचे सर रंगीत खडूंनी फळ्यावर सगळी खोली काढून दाखवत. सातवी ब मधल्या कुठल्याही मुलाला स्क्रूड्रायव्हरची सुबक आणि नावं दिलेली आकृती पाच गुणांसाठी काढता येत होती. तो कुठल्या बाजूला फिरवायचा, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

मग संस्थेचं पत्र आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मामांना आणि सरांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"सोमवारपासून दहा दिवसांनी पाहणी आहे," बाई म्हणाल्या. "आणि ऐका काय लिहिलंय. 'वर्षअखेर साहित्यात किमान वीस टक्के तूट अपेक्षित आहे. तूट त्याहून कमी आढळल्यास खोली अन्य गरजू शाळेस देण्यात येईल.'"

"तूट म्हणजे?" सरांनी विचारलं.

मोठ्या बाई मूळच्या व्याकरणाच्या. त्यांनी चष्मा काढला. व्याकरण सांगताना त्यांना चष्मा लागत नसे.

"तुटणे या क्रियापदावरून नाम. जसं फुटणे, फूट. लुटणे, लूट. वस्तू मोडलेल्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे त्यांना वाटेल मुलं वापरतात."

"मोडलेल्या?" मामांचा हात आपोआप पट्ट्याकडे गेला.

"एकशे चाळीस नग आहेत. वीस टक्के म्हणजे अठ्ठावीस. मामा, तुम्ही मोडा."

"बाई, मी?"

"मग कोण? किल्ली तुमच्याकडे आहे."

मामांनी आयुष्यात वरिष्ठांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ते खोलीत गेले, आतून कडी लावली, एक भिंग उचललं आणि हात वर नेला. हात वरच राहिला. भिंग महागाचं वाटलं म्हणून त्यांनी चुंबक घेतलं; ते जमिनीवर टाकलं तर टेबलाच्या लोखंडी पायाला जाऊन चिकटलं. मोटार टाकावी तर खाली आधी फडकं अंथरावंसं वाटलं, आणि त्यांनी ते अंथरलंही. अर्ध्या तासानं खोलीत एकच फरक पडला होता, टेबलांखालची धूळ निघाली होती.

"किती झाल्या?" बाहेर उभ्या असलेल्या सरांनी विचारलं.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं हो. तुम्ही बघा ना."

"मी?" सर दचकले. "मी कधी हात लावलाय त्यांना?"

तेव्हा मामांना युक्ती सुचली. ज्या सातवी ब ने एका वर्षात दोन खिडक्या, एक नळ आणि भूगोलाच्या बाईंचा धीर मोडला होता, ती सातवी ब कामी कधी यायची? दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला त्यांनी कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि मुलांना आत घेतलं.

"हं," मामा म्हणाले. "मोडा. अठ्ठावीस वस्तू."

कोणी हललं नाही. अडतीस मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. वर्षभर ज्याच्यावरून फक्त रांगेनं गेलो, ते असं समोर आल्यावर काय करायचं हे त्यांना कळेना.

"मामा, हा सापळा आहे का?" मागून एकानं विचारलं.

"सापळा कसला? घ्या हातात. आपटा, उघडा, काय वाटेल ते करा."

"उघडू?" पुढे आली ती एक शिडशिडीत मुलगी. तिला सगळे 'खिळा' म्हणत, कारण ती बारीक होती आणि एकदा एखाद्या गोष्टीत शिरली की निघत नसे. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला, क्षणभर वहीतली आकृती आठवली आणि मोटारीचा पहिला स्क्रू चुकीच्या बाजूला फिरवायला लागली. मग उलटा फिरवला. स्क्रू सुटला. सातवी ब एका आवाजात "हो!" म्हणाली.

त्या दिवशी अकरा वस्तू उघडल्या गेल्या. मामांनी मनात अकरा मोजले आणि सुखानं डोळे मिटले. घंटा झाली तेव्हा अकराच्या अकरा वस्तू पुन्हा जोडलेल्या होत्या. त्यातली एक मोटार आधी चालत नव्हती, ती चालायला लागली होती.

"अरे, हे काय केलंत?" मामा कळवळून म्हणाले.

"चुकलं का?"

"चुकलं नाही, पण… तुम्हाला मोडायला सांगितलं होतं ना!"

"उद्या मोडतो, मामा. देवाशप्पथ."

दुसऱ्या दिवशी मुलांनी तीन सेल जोडून एक पंखा फिरवला, तिसऱ्या दिवशी प्रार्थनेचा मुका माईक बोलका केला. चौथ्या दिवशी मुलं घरून बिघडलेल्या वस्तू आणायला लागली. कोणाची टॉर्च, कोणाच्या आईची इस्त्री, कोणाच्या आजोबांचं श्रवणयंत्र. वायर संपत चालली, गोंदाच्या कांड्या संपल्या, सोल्डरिंगची तार भेंडोळ्यावरून दिसेनाशी झाली. मोडलेल्या वस्तूंचा आकडा मात्र शून्यावरून हलेना. मामांची झोप उडाली.

"असे काय फिरताय घरात?" घरी बायकोनं विचारलं. "पाय दुखत नाहीत?"

"खोली जाणार गं आमची."

"जाऊ दे की. एवढी सत्तावीस वर्षं त्या शाळेत काढलीत आणि आपला रेडिओ अकरा महिने मुका बसलाय. आधी तो बोलता करा, मग खोलीचं बघा."

हा टोमणा त्यांना अकरा महिने रोज मिळत होता. पण यावेळी मामांनी रेडिओ पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी शाळेत खिळ्यानं त्याचं मागचं झाकण उघडून भिंगानं आत बघितलं. "वायर निसटली आहे. मामा, तुम्हीच लावा."

"मी कशाला? माझा हात थरथरतो."

"थरथरणार नाही. श्वास सोडा आणि मग टेकवा. घेताना नाही, सोडताना. घ्या."

साठीला टेकलेल्या माणसाला बारा वर्षांची पोर श्वास कसा सोडायचा ते शिकवत होती आणि सातवी ब टाचा उंचावून बघत होती. मामांनी श्वास सोडला. धुराची एक रेघ उठली, तार वितळून थेंब झाला आणि रेडिओ इतक्या मोठ्यानं बोलायला लागला की मामांनी दचकून गरम कांडी भिंगावर टेकवली. भिंगाच्या प्लॅस्टिकच्या मुठीला मधोमध खड्डा पडला. सत्तावीस वर्षांतली पहिली मोडतोड.

"झाली एक!" सातवी ब ओरडली. "मामा, अजून सत्तावीस राहिल्या!"

मामांनी ते भिंग फडक्यात गुंडाळून खिशात ठेवलं. त्यांना रडायला येत होतं की हसायला, हे त्यांनाच ठरवता येईना.

पाहणीच्या दिवशी संस्थेची ताई आली. वय सव्वीस-सत्तावीस, हातात यादी, केसांत अडकवलेली पेन्सिल. मोठ्या बाईंनी तिला पाणी दिलं, चहा दिला, शाळेचा इतिहास दिला आणि एवढं करून वेळ जाईना, तेव्हा खोलीत नेलं. टेबलांवर इस्त्र्या, टॉर्च, घड्याळं आणि एक मिक्सर पोट उघडून पडलेले होते.

"मोडतोड बरीच दिसतेय," बाई आशेनं म्हणाल्या.

"पण यातलं काहीच आमच्या यादीत नाही," ताई म्हणाली.

सरांनी छताकडे बघितलं. मामांना वाटलं, आता बोललं नाही तर खोली गेली, आणि बोललं तरीही गेलीच. त्यांनी खिशातून फडकं काढून भिंग टेबलावर ठेवलं.

"ताई, एवढंच मोडलंय. तेही माझ्याकडून. मुलांनी काही मोडलं नाही. मी रोज सांगत होतो, मोडा, मोडा. ऐकत नाहीत. चांगली मुलं आहेत हो, पण हट्टी आहेत. खोली नेऊ नका. वीस टक्के पुढच्या वर्षी नक्की करू."

"मोडा?" ताईनं यादी खाली ठेवली. "मोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पत्रात होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तूट. तुटणे या क्रियापदावरून."

ताईनं आधी बाईंकडे, मग मामांकडे, मग रिकाम्या भेंडोळ्यांकडे बघितलं. तिला हसू आवरायला थोडा वेळ लागला.

"तूट म्हणजे सामान कमी होणं. वायर, सेल, गोंद, सोल्डरिंगची तार. मुलं काम करतात तिथं ते संपतं. आम्हाला एवढंच बघायचं असतं." ती कपाट उघडून मोजायला लागली. वायरीची नव्वद टक्के तूट होती. सेलचीही जवळपास तेवढीच. गोंद औषधालाही नव्हता.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ होतात," त्या म्हणाल्या.

"आणि हे भिंग?" मामांनी विचारलं.

"ते तुटीत धरत नाही. चालतंय ते, वापरा."

मामांना, का कोण जाणे, थोडं वाईट वाटलं. पण खिळ्यानं ते भिंग उचलून मुठीवरच्या खड्ड्यात अंगठा ठेवून बघितला. अंगठा तिथं नेमका बसत होता. बाकीची मुलं आपापले अंगठे घेऊन रांगेत उभी राहिली. रांग यावेळी हजेरीच्या क्रमानं नव्हती.

जाताना ताईनं 'खोली कायम' असा शेरा लिहिला, त्याखाली सही केली आणि संपलेलं सगळं सामान पुन्हा पाठवण्याची नोंद केली. सातवी ब नं मैदान डोक्यावर घेतलं. सरांनी पहिल्यांदाच पक्कड हातात धरून बघितली आणि ती थंड लागते, असं सगळ्यांना सांगितलं.

सोमवारपासून वार्षिक परीक्षा होती आणि वर्गांत बाकं पुरत नव्हती, म्हणून खोलीतली चारही टेबलं वर्गांत गेली आणि खोली तीन आठवडे बंद राहिली.