तीन टेबलांची भाषा

मुलगी शाळेत रुळली तशी वहिनी पुन्हा नोकरीला लागली, तीही नणंदेच्याच ऑफिसात. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवणारी ती तीन टेबलांची कंपनी. प्रोग्रामिंगची भाषा तीच, जिच्यावर लग्नाआधी वहिनीचा हात बसला होता. त्यामुळे ती निर्धास्त होती. पहिल्याच दिवशी स्क्रीन उघडली आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"ही आपलीच भाषा आहे ना गं?" तिने नणंदेला विचारलं.

"तीच. दरवर्षी नवी आवृत्ती येते, नव्या सोयी येतात. जुनं मात्र कोणी काढत नाही."

पलीकडच्या टेबलावर दाढी बसायचा. त्याला सगळे याच नावाने हाक मारत. भाषेत कालपरवा आलेल्या युक्त्या वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. यादीतले पेशंट एकेक करून तपासायचे, एवढं साधं काम. नणंद ते एका तऱ्हेने लिहायची, दाढी दर वेळी वेगळ्या. वहिनीने मुकाट्याने आपली जुनी तऱ्हा चालू केली.

मग एका दवाखान्यातून फोन आला. दातांच्या डॉक्टरांसमोर गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या बायका बसल्या होत्या. चूक दाढीच्या एका ओळीत होती. ओळ एकच, पण मारुतीच्या शेपटासारखी लांब. नणंदेने हात टेकले. दाढीने चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हे मी लिहिलंय?" तो म्हणाला. "लिहिताना भारी वाटलं होतं."

नणंदेला हसू आवरेना. मग तोही हसला. तिघांनी मिळून त्या ओळीच्या साध्यासुध्या ओळी केल्या, तशी चूक आपोआप उघडी पडली.

तिथेच ठरलं, भाषेत काय वाटेल ते येवो, तिघांना एका नजरेत कळेल तेवढंच वापरायचं. दाढीने आपल्या लाडक्या युक्त्यांवर पाणी सोडलं. वहिनी मनातून खूश.

"वहिनी, तुझी जुनी तऱ्हाही बंद," नणंद म्हणाली.

"माझी का? ती तर सगळ्यांना कळते."

"कळते, पण तिच्यात कितवा पेशंट चालू आहे ते आपणच मोजावं लागतं. परवा शेवटचा पेशंट तूच गाळलास."

वहिनीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी दाढीने शेजारी बसून नवी तऱ्हा दाखवली. तिच्यात मोजणी भाषाच करायची; ती खरंच सुटसुटीत निघाली.

"ही सोय गुणाची आहे," तिने कबूल केलं. "इतकी वर्षं उगाच मोजत बसले मी."

पुढची आवृत्ती आली तेव्हा दाढीने ती बारकाईने वाचून काढली आणि चहाच्या वेळी दोघींना सांगितलं, "एक सोय घेण्यासारखी आहे. बाकीच्या मी नुसत्या बघून आलो."