पानोपानी तेच वाक्य

तुडतुडीला सगळं नीटनेटकं लागायचं. निबंधाचं बक्षीस मिळाल्यापासून तर कुणाचंही वाक्य तिला खुपायचं. शाळेच्या सूचनाफलकावरचं मुख्याध्यापिकांचं वाक्यसुद्धा तिनं खडूनं सरळ केलं होतं आणि वर ओरडा हसत हसत खाल्ला होता. म्हणून आत्यानं आपल्या साधनाची संदर्भपुस्तिका तिच्याच हवाली केली.

आत्याचं साधन म्हणजे पार्सर बनवणारा प्रोग्राम. एखादा मजकूर कसा वाचायचा याचे नियम त्याला लिहून द्यायचे, की तो मजकूर वाचणारा दुसरा प्रोग्राम ते आपोआप तयार करतं.

"साधन झकास आहे गं, पण माझी वाक्यं म्हणजे गुंतलेली लोकर," आत्या म्हणाली होती. "जरा विंचर त्यांना."

तुडतुडीनं नुसती विंचरली नाहीत, चांगली वेणीफणी केली! 'वरचा पर्याय आधी तपासला जातो, म्हणून लांब पर्याय वर ठेवा' हे वाक्य तर पानोपानी होतं. एकच गोष्ट माणसानं किती वेळा सांगायची? तिनं ते पहिल्या पानावर ठेवलं आणि बाकी सगळीकडून उडवलं. उदाहरणांतले पर्याय आखूड वर, लांब खाली असे लावले. कशा पायऱ्या दिसत होत्या! आत्यानं वरवर नजर फिरवली, "वा गं माझी बाई!" म्हणाली आणि पुस्तिका संकेतस्थळावर चढवली.

आज आत्या शिकवायला गेली होती, फोन बंद करून. तिच्या कॉम्प्युटरवर वाचकांचे अभिप्राय बघायचं काम तुडतुडीकडे होतं. एक अभिप्राय एका रुग्णालयातल्या प्रोग्रामरचा होता. 'प्रमाणांचं उदाहरण आता इतकं सुटसुटीत झालंय की आमच्या गोळ्या भरणाऱ्या यंत्रात जसंच्या तसं घातलं. आजपासून लहान मुलांच्या विभागाचे गोळ्यांचे डबे त्यावरच भरतोय. आभार!' खाली फोन नंबर.

तुडतुडी खुर्चीतच नाचली. आपलं सुटसुटीत उदाहरण डोळे भरून बघावं म्हणून तिनं ते पान उघडलं. वर 'एक'. खाली 'एक चतुर्थांश'.

ती बघतच राहिली. वरचा पर्याय आधी. म्हणजे डॉक्टरांनी 'एक चतुर्थांश गोळी' लिहिलं, तर यंत्राला 'एक' सापडणार आणि ते तिथेच खूश होणार. पुढचं वाचणारच नाही. पाव गोळीच्या जागी अख्खी. तीही लहान मुलांना.

तिनं पटकन पर्यायांची अदलाबदल केली, पान पुन्हा चढवलं. झालं! कुणाला कळणारही नाही. तिनं सुस्कारा सोडला, पण तो अर्ध्यातच अडकला. इथलं पान बदललं म्हणून त्या यंत्रातलं थोडंच बदलणार होतं?

आत्याचा फोन बंदच. शेवटी तिनं त्या माणसाला लावला.

"काका, यंत्र थांबवा!"

"कोण बोलतंय?"

"माझ्या आत्याच्या पुस्तिकेतलं उदाहरण चुकलंय."

"बाळा, फोन मोठ्या माणसाकडे दे बघू."

"मोठं माणूस शिकवायला गेलंय! काका, तुम्ही 'एक चतुर्थांश' लिहून बघा ना. एकदाच. मग हवं तेवढं रागवा."

"बरं बाई, बघतो. हट्टी दिसतेस." कळा खटखटल्या आणि थांबल्या.

"काका?"

"अगं... डबे वर, मुलांच्या विभागात गेलेत." त्याचा आवाज ओळखू येईना. "फोन ठेवू नकोस."

धावत्या पावलांचा आवाज आला. दार आपटलं. कुणीतरी "अहो, हळू!" म्हणून खेकसलं. लांब कुठेतरी एक मूल रडत होतं, आणि मग एकदम रडायचं थांबलं. तुडतुडीनं टेबलाची कड घट्ट धरली. ते का थांबलं? ती कान फोनमध्ये रुतवून बसली. 'रड ना रे,' ती मनात म्हणत होती, 'रड ना.'

बऱ्याच वेळानं धापा ऐकू आल्या.

"सगळे डबे मिळाले. एक उघडला होता."

"मग?"

"आईनं गोळी हातात घेतली होती. बाळाचा नुकता डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही."

तुडतुडीनं टेबलाची कड सोडली.

"मी ते नियमाचं पहिलं पान उघडलंच नव्हतं गं," तो म्हणाला. "नुसतं प्रमाणांचं पान शोधलं. पण आता वर जाब द्यावा लागेल. उदाहरण कुणी बदललं? तुझ्या आत्याचं नाव लिहू ना?"

आत्याचं नाव लिहिलं तर तिच्या साधनाला कोण हात लावणार? आणि आपलं लिहिलं तर? शाळेत कळेल? पोलीस येतील?

"नको," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "नको, काका. माझं लिहा."

आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट.