तीन अळणी मंगळवार

विनीताला निरोप द्यायचा म्हणून बेहालातल्या त्या वृद्धाश्रमाच्या अकरा म्हाताऱ्या दुपारची झोप मोडून पायरीशी जमल्या होत्या. तीन वर्षं दर गुरुवारी ती बालीगंजहून दोन बस बदलून इथं यायची. कुणाची नखं काढ, कुणाच्या डोळ्यांत थेंब घाल, कुणाच्या मुलाला फोन लावून दे, आणि त्यानं तो उचलला नाही तर ‘रेंज नसेल’ म्हणून सांग. कामं एवढीच. बँकेनं तिच्या नवऱ्याला, प्रभाकरांना, बंगालमधल्या या शहरात पाठवलं तेव्हा विनीताला इथं ओळखणारं कुणी नव्हतं. आता नाशिकला बदली झाली, सामान बांधून झालं, आणि जीव मात्र या पायरीत अडकून बसला.

कुसुममावशीत तो सगळ्यात जास्त अडकला होता. वय ब्याऐंशी, पाठ वाकून कमान झालेली, जीभ मात्र ताठ. “बिनिता, तुझं बांगला म्हणजे खडे न वेचलेला भात,” ती म्हणायची. “आम्ही गिळतो, पण दात जपून!” विनीतानं तिला जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या, तर म्हातारी हटून बसली, माझंही नाव घाल म्हणून. मग विनीतानं मटार सोलता सोलता रचली होती:

*परक्या मुलखात मला माहेर मिळालं,*
*कुसुममावशीनं माझं डोकं कुरवाळलं.*

चार महिन्यांपूर्वी प्रभाकरांच्या छातीत कळ आली, दोन स्टेंट बसले. त्या दिवसांत कुसुममावशी कालीमातेच्या नावानं तीन मंगळवार अळणी जेवली. स्वतः एका शब्दानं बोलली नाही. आश्रमाची स्वयंपाकीण शकुन, तिच्याकडून विनीताला कळलं.

त्या मटारांच्या दिवशीच मावशीनं विचारलं होतं, “तुमच्यात माहेराहून निघालेल्या लेकीला काय देतात?” विनीतानं ओटीचं सगळं सांगितलं. नारळ, तांदूळ, सुपारी, हिरवा खण.

“आणि भरतं कोण?”

विनीतानं वर पाहिलं. भोवती अकरा पांढरे भांग. ‘सवाष्ण’ हा शब्द तिनं तोंडातच गिळला. “घरातलं थोरलं माणूस,” ती म्हणाली. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही तिला त्या दिवशी वाटून गेलं होतं.

आज म्हाताऱ्यांनी तीच ओवी तिच्यासाठी म्हटली, निम्मे शब्द बंगालीत भिजवून. हसू आणि रडू एकदमच फुटलं सगळ्यांना. तेवढ्यात कुसुममावशी आत गेली आणि स्टीलचं ताट घेऊन आली. त्यात नारळ, तांदूळ, सुपारी आणि घडी घातलेला हिरवा ब्लाउजपीस.

“ये, पदर पसर. तू सांगितलंस तस्संच आणलंय. हिरवा बरोबर आहे ना? शकुनला तीनदा बाजारात पिटाळलं.”

“चारदा!” शकुन दारातून ओरडली. “एक म्हणे पोपटी, एक म्हणे शेवाळी. म्हातारीला सुईत दोरा ओवता येत नाही, पण रंग बरोब्बर कळतो!”

सगळ्या हसल्या. विनीताचा हात पदराकडे गेला आणि तिथंच थांबला. पदर मुठीत घट्ट आवळला गेला. दवाखान्याची काच डोळ्यांपुढे आली, काचेपलीकडे प्रभाकर, छातीला वायरी. आईच्या, आजीच्या, सासूच्या घरातलं काहीतरी जुनं तिच्या मनगटाला धरून मागं ओढत होतं.

“मावशी, शकुनला भरू दे ना,” ती म्हणाली. आवाज नको तेवढा गोड निघाला. “तिचाही हात लागू दे.”

कुसुममावशीनं शकुनच्या भांगातल्या सिंदुराकडे पाहिलं. मग विनीताच्या मुठीकडे. भाच्या-पुतण्यांच्या लग्नांत पन्नास वर्षं दाराआड उभी राहिलेली बाई. तिला काय सांगावं लागणार होतं?

“हो की,” ती म्हणाली. “मीच वेडी. हात कापतात माझे, तांदूळ सांडले असते.”

हात कापत नव्हते. ताट शकुनकडे गेलं तेव्हा त्यातली सुपारीसुद्धा हलली नाही.

शकुननं ओठ आवळून ओटी भरली. “घ्या, दीदी,” एवढंच म्हणाली. विनीता कुसुममावशीच्या पाया पडली. डोक्यावर यायला निघालेला हात अर्ध्यावर आला, आणि बोटं मिटून परत गेला.

नारळ पिशवीत, तांदूळ पदराच्या गाठीत, अशी विनीता गल्लीतून निघाली. मेट्रोच्या खांबांच्या सावलीत बसची वाट पाहत उभी राहिली. मूठभर तांदूळ ते, पण पदर खांद्यावरून खाली ओढत होते. ते तीन मंगळवार कुणाच्या घशातून उतरले होते? तेव्हा ती का नाही म्हणाली, की मावशी, तू ह्यांच्यासाठी काही करू नकोस? तेव्हा तर डोळे पुसून म्हणाली होती, तुझीच पुण्याई. बस आली, थांबली, गेली. विनीता आश्रमाकडे पळत सुटली. पदराची गाठ सैल होऊन तांदूळ गल्लीभर सांडत गेले.

पायरीवर कुसुममावशी एकटीच बसली होती. विनीतानं खालच्या पायरीवर गुडघे टेकले, पदर सोडून पसरला; उरलेसुरले दाणे पायरीवर गळले.

“मावशी, चुकले मी. तू भर. मला तुझ्याच हातची हवी.”

“आधी दम घे.” मावशी मग म्हणाली, “मघाशी भरली असती गं. मघाशी मला ठाऊक नव्हतं, तुमच्यातही तसंच असतं ते. आता तू मला भीती देऊन गेलीस. उद्या तिकडे तुझ्या नवऱ्याचं नुसतं डोकं दुखलं, तरी मी इथं बसून माझे हात बघत राहीन. नको, मा, लेकी माझे.”

“असं काही नसतं, मावशी. माझा नाही विश्वास त्यावर.”

“नाही ना? मग ती मूठ कुणाची होती?”

मावशी वाकली आणि पायरीवर सांडलेले दाणे एकेक करून टिपू लागली. तळहातावर लहानशी रास झाली. पसरलेल्या पदरापासून तो तळहात वीतभर लांब होता. विनीता श्वास धरून पाहत राहिली. मावशीनं ते दाणे आपल्याच आँचलाच्या टोकाला, किल्लीच्या गाठीशेजारी बांधले.

“चिमण्यांना घालीन उद्या,” ती म्हणाली. “ऊठ आता, तुझा ट्रक यायचाय.”

विनीता उठली नाही. पदर अजून तसाच पसरलेला होता, रिकामा.

“आणि ऐक,” मावशी पायरीचा आधार घेत उभी राहत म्हणाली, “त्याच्या जेवणात मीठ कमीच ठेव.”