सात सदऱ्यांची कविता

सरांनी चौतीस वर्षं कॉलेजात कविता शिकवली. स्वतःचे तीन संग्रह काढले. त्यातला तिसरा अजून पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडून आहे. घराच्या मागच्या खोलीतून एक छोटं प्रकाशन चालवलं आणि इतरांची अठ्ठावन्न पुस्तकं छापली. वर्गात काय आणि मागच्या खोलीत काय, त्यांचा नियम एकच होता. कविता लिहून झाली की शेवटच्या दोन ओळी खोडून बघा, बहुतेकदा ती आधीच संपलेली असते. पोरं त्यांना पाठीमागे खोडरबर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

पण सरांच्या ज्या दोन ओळी लोकांना तोंडपाठ आहेत, त्या या तीन संग्रहांत कुठेच नाहीत. त्या एका परिचारिकेच्या पुस्तकात, तिच्या नावावर आहेत.

तिला सगळे सिस्टरच म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी सरांनी तिचं पहिलं पुस्तक काढलं. त्यातली एक कविता तिच्या शिंपी वडिलांवर होती. तिने लिहिली तेव्हा ती चारच ओळींची होती:

दुकान रिकामं करताना
खुंटीवर सात सदरे सापडले.
प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर माप.
न्यायला कोणी आलं नव्हतं.

छापलेल्या पुस्तकात मात्र पुढे आणखी दोन ओळी होत्या:

बाबा, सगळ्या जगाचं माप घेतलंत,
आमच्या दुःखाचं तेवढं राहून गेलं.

या दोन ओळी शोकसभांत म्हटल्या गेल्या, श्रद्धांजलीच्या चौकटीत छापल्या गेल्या. वरच्या चार फारशा कोणाला आठवत नाहीत.

यंदा पाठ्यपुस्तक मंडळाने ती कविता सातवीसाठी निवडली. प्रकाशक म्हणून सरांना पत्र आलं: मूळ पाठ तपासून, सही करून पाठवावा. त्याच पत्राची प्रत सिस्टरलाही गेली होती. दोन दिवसांनी सकाळी दहाला, ड्यूटीला जायच्या आधी, ती घरी आली.

"कविता पुस्तकात हवी आहे, सर. पण त्या दोन ओळी नकोत. त्या माझ्या नाहीत."

"बावीस वर्षं बोलली नाहीस?"

"छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं. तुम्ही सर, मी वॉर्डात थर्मामीटर झटकणारी. पुढे लोकांनी त्याच डोक्यावर घेतल्या, मग कुठल्या तोंडाने सांगू? कार्यक्रमात मी दोन ओळी आधी थांबते. तर उरलेल्या समोरचे लोक म्हणतात."

सरांची बायको, सगळ्यांच्या काकू, चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवायच्या आधीच निकाल दिला.

"अगं, ते छापखान्यातल्या त्या जुळाऱ्याचं काम. यांची पद्धत तुला माहीत आहे ना? कवीला नुसतं सुचवायचं असेल तर पेन्सिल, छापायचं असेल तर शाई. यांनी पेन्सिलने लिहिलं, त्या शहाण्याने अक्षरांचे खिळे जुळवून टाकले. गेला बिचारा, पण घोळ त्याचाच."

सर उठले. मागच्या खोलीत प्रत्येक पुस्तकाची फाइल वर्षवार लावलेली आहे, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी प्रूफाचं पान काढून टेबलावर ठेवलं. कवितेखाली दोन ओळी होत्या, सरांच्या अक्षरात, निळ्या शाईत.

काकूंनी चष्मा चढवला. "ही तर शाई."

"हो."

"म्हणजे बावीस वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवतेय."

"तुला मीच तसं सांगितलं होतं," सर म्हणाले. मग सिस्टरकडे वळले. "प्रूफ वाचता वाचता सुचल्या. आधी पेन्सिलच उचलली होती. मग वाटलं, पेन्सिलने लिहिल्या तर तू नको म्हणशील. शेवटचं प्रूफ तुला पाठवलंच नाही."

"तुमच्या संग्रहात घालायच्या होत्यात."

"वर लावायला माझ्याकडे कविता नव्हती. तुझ्याकडे होती."

सिस्टरने चहा संपवला. "आम्ही पेशंटला विचारल्याशिवाय साधी गोळी देत नाही, सर."

"खरं आहे."

सरांनी तिच्यासमोरच मंडळात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडच्या संपादक बाई पूर्वी त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या.

"शेवटच्या दोन काढायच्या? सर, समितीने कविता घेतली ती त्या दोन ओळींसाठी. खालचे स्वाध्यायसुद्धा त्यांच्यावरच बेतलेत. त्या गेल्या तर विषय परत समितीपुढे जाईल, आणि कविता राहीलच असं नाही."

सरांनी सिस्टरकडे पाहिलं. सही करून दिली असती तर कोणाला काही कळणार नव्हतं. सातवीच्या हजारो मुलांनी त्या ओळी घोकल्या असत्या. सिस्टर पर्स खांद्याला लावून उभी होती.

"माझी आहे तेवढीच पाठवा," ती म्हणाली. "नाही घेतली तर नाही."

"काढा," सर फोनमध्ये म्हणाले. "त्या ओळी तिच्या नाहीत, माझ्या आहेत. मी न विचारता घातल्या."

बाईंचा आवाज उजळला. "मग सोपं आहे की, सर. दोघांची नावं घालू. तुमचंही काही पाठ्यपुस्तकात येईल, इतक्या वर्षांत आलेलं नाही."

काकू सरांकडे बघत राहिल्या. सरांनी फोन जवळ घेतला.

"नको. कविता एकाच माणसाची आहे. पत्र आज टाकतो."

सिस्टर ड्यूटीला गेली. जाताना तिने काकूंना नमस्कार केला, सरांना केला नाही.

शाळा सुरू झाल्या तेव्हा नवीन पुस्तक आलं. त्यात ती कविता नव्हती. सरांनी सिस्टरला कळवलं, तिचं एका ओळीचं उत्तर आलं: पाहिलं. त्याच वर्षी त्यांनी तिच्या संग्रहाची दुसरी आवृत्ती काढली. या वेळी प्रत्येक प्रूफ तिच्याकडे गेलं आणि प्रत्येक पानावर तिची सही घेतली. शिंप्याची कविता चौथ्या ओळीवर संपते, खाली अर्धं पान कोरं आहे.

आवृत्ती बाजारात आल्यावर वाचकांची पत्रं येऊ लागली. छपाईत शेवटच्या दोन ओळी गळाल्या आहेत, एवढी सुंदर कविता बिघडवलीत, प्रकाशकाला लाज वाटायला हवी. आजवर एकोणीस आली. काकूंनी सुचवलं की एकच मजकूर छापून सगळ्यांना पाठवावा. सर ऐकत नाहीत. ते प्रत्येकाला वेगळं कार्ड घेतात आणि शाईने लिहितात की ओळी गळालेल्या नाहीत, त्या माझ्या होत्या म्हणून काढल्या, आपण कविता पुन्हा एकदा वाचावी.