मासवडीच्या गाडीतला फ्रीजर

मी एक जुना डीप फ्रीजर आहे, मंचरच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला. मित्रांनो, एवढ्यात नाक मुरडू नका. गोष्ट पुढे सरकली की आपोआप मुरडाल, कारण माझी मलाच किळस येते.

लहानपण मात्र सुगंधी गेलं. पोटात केशर-पिस्ता, आणि काचेला नाकं लावून उभी असलेली तुमच्यासारखी मुलं. पुढे दुकान बंद पडलं आणि मला मागच्या अंगणात पत्र्याखाली ढकललं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, उंदरांनी माझ्याखाली संसार थाटला. शी! काय ते दिवस!

एके दिवशी अवसरी बुद्रुकची उज्ज्वला आणि तिचा नवरा सोपान मला बघायला आले. टेम्पोत स्वयंपाकघर थाटून त्यांना मासवडी-रस्सा विकायचा होता, जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. बॅटरीवर चालणारा नवा फ्रीज परवडत नव्हता, आणि थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ उन्हात टिकत नव्हता. सोपाननं माझ्या पाठीवर थाप मारली. “रंग मारला की नव्यावाणी दिसंल.”

उज्ज्वलानं झाकण उघडून डोकंच आत घातलं आणि वास घेतला. मी लाजेनं अर्धा झालो. ती वर आली नि म्हणाली, “झाकणाचं रबर फाटलंय, ते बदलू. पण आत वास न्हाई. ह्योच घेऊ.” माझा ऊर भरून आला.

माझं पथ्य साधं होतं. गाडी उभी राहील तिथे वायर लावायची आणि रस्त्यात झाकण उघडायचं नाही. लोणीच्या यात्रेत मासवडीवर झुंबड पडली, लोक रस्सा ओरपून “लई भारी, वहिनी!” म्हणाले. पण गाडीत फ्रीजर आहे हे गावाला कळलं आणि माझे भोग सुरू झाले. “सोपानभाऊ, जरा ठेवा की!” कुणी सुकट ठेवी, कुणी म्हशीचं इंजेक्शन, कुणी कोंबडीची गळकी पिशवी. उज्ज्वला चिडली की सोपान म्हणे, “आपलीच माणसं हायेत, न्हाई कसं म्हणू?” माझ्या पोटाचा त्यानं उकिरडा केला, मित्रांनो!

मग डिंगोऱ्याहून साळुबाईंच्या नातीच्या बारशाची ऑर्डर आली. पहिलीच मोठी ऑर्डर. ही नीट झाली तर जुन्नरकडची कामं मिळणार होती, बिघडली तर गाडीला कुणी दारात उभं करणार नव्हतं. उज्ज्वलानं श्रीखंडासाठी चक्का माझ्यात ठेवला आणि भाजी आणायला मंचरला गेली.

तेवढ्यात सोपानचे मामा धर्माजी शर्यतीचा बैल घेऊन आले. हातात मटणाची पिशवी. “ही ठेव फ्रीजात. आन् कूलर लाव बाबा, बैलाला ऊन लागलंय.” अंगणात प्लगची जागा एकच. सोपाननं काय करावं? माझी वायर काढली! दुपारभर बैल डोळे मिटून वारा खात होता आणि मी आतून उकडत होतो. मटणाचं पाणी ठिबकत चक्क्याच्या पातेल्यात गेलं. चक्का फुगला, त्याला बुडबुडे आले. मला तोंड असतं तर ओकलोच असतो.

उज्ज्वला परतायच्या आत सोपाननं पिशवी मामांच्या हवाली केली, पातेल्याची कड पुसली आणि वायर पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गारेगार होतो. डिंगोऱ्याला पोचल्यावर त्यानं गुपचूप माझ्यात अगरबत्तीही फिरवली. किती हा निर्लज्जपणा!

उज्ज्वलानं झाकण उघडलं आणि आंबूस वासानं ती थबकली. “वायर काढली व्हती?”

सोपान मान खाली घालून म्हणाला, “काल दुपारपुरती. मामांच्या बैलाला कूलर लावला. पण आता थंडगार हाय की! वेलची टाक, कुणाला कळतंय?”

“माझ्या नाकाला कळतंय!”

साळुबाई वाटी घेऊन आल्या. “बाळंतिणीला आधी द्या गं श्रीखंड.”

सोपाननं डोळ्यांनी विनवलं. पण उज्ज्वला स्पष्ट बोलली. “मावशी, चक्का नासलाय. चूक आमचीच. मी ताजा शिरा करते.”

“बारशाला शिरा? लोकं हसतील!” साळुबाई ताडकन म्हणाल्या. मग त्याच माझ्यावर वाकल्या आणि झटकन पदर नाकाला लावून मागे सरल्या. “अगं बाई! हे माझ्या सुनेच्या तोंडात गेलं असतं?” सोपानला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चक्का खड्ड्यात गेला. शिऱ्याची परात मात्र रिकामी झाली, आणि निघताना साळुबाईंनी पुतणीच्या साखरपुड्याचं जेवण उज्ज्वलालाच सांगितलं.

आता कुणी पिशवी घेऊन आलं की सोपान स्वतःच म्हणतो, “राव, माफ करा, न्हाई जमायचं.” आणि रोज सकाळी मला धुऊन पुसून तो आत डोकं घालतो. उज्ज्वला विचारते, “काय येतंय?” तो खोल श्वास घेऊन सांगतो, “काय न्हाई.” मित्रांनो, आइस्क्रीमच्या दिवसांतही माझी एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

माझं एवढंच ऐका. गारव्यानं घाण फक्त झाकली जाते, जात नाही. मला धुवा, पुसा, माझी वायर कुणासाठीही काढू नका. आणि एखाद्या अन्नाची किळस आली तर लाजू नका, दुसऱ्याच्या पानात पडायच्या आत मोठ्यानं सांगा. मी गप्प बसतो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.